गाडी ऑइल कमी करते, इंजिनवरचं टॅपेट कव्हर ओलं राहतं, गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या. पीसीव्ही व्हॉल्व्हची भानगड असेल का?

असू शकते की! आणि ते बघायला पैसेही लागत नाहीत. (पीसीव्ही म्हणजे इंजिनच्या पोटात साठणारा गॅस परत ओढून घेणाऱ्या नळीवरचा छोटा व्हॉल्व्ह.) तुम्ही सांगितलेलं थोडक्यात असं: जुनी पेट्रोल हॅचबॅक, टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल पाझरतं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल सापडलं, पट्टीवर पातळी हळूहळू खाली जाते, निळा धूर मात्र दिसत नाही. तरी सोलापुरातल्या एका गॅरेजने थेट इंजिन उतरवायचा सल्ला दिला. मी तुमच्या जागी असतो तर अजून होकार दिला नसता.

रिंगा कितीही नव्या असल्या तरी थोडा जळलेला, थोडा न जळलेला गॅस त्यांच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. पूर्वीच्या गाड्यांत तो एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडून देत. १९६१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात, हवेच्या प्रदूषणामुळे, नव्या गाड्यांना हा पीसीव्ही व्हॉल्व्ह बसू लागला. तेव्हापासून तो गॅस परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा ओढायच्या वाटेत, ओढून जाळतात. व्हॉल्व्हच्या आत स्प्रिंगवर एक छोटा प्लंजर असतो. आयडलिंगला मॅनिफोल्डची (त्याच वाटेतल्या नळ्यांची) ओढ जबरदस्त असते, तेव्हा तो वाट अरुंद करतो. गाडी पळायला लागली की ओढ उतरते, गॅस वाढतो आणि वाट मोठी होते. एवढंच त्याचं काम, पण प्लंजर काजळीने चिकटला की घोळ सुरू.

उघडाच चिकटला तर इंजिन फुकटची हवा ओढतं. आयडलिंग वरखाली होतं, कधी बारीक शिट्टी ऐकू येते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुतेक पी०१७१ दिसतो, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. बंद चिकटला, किंवा त्याची नळी तुंबली, तर प्रेशर आतच साठतं. कुकरची शिट्टी अडकल्यावर वाफ झाकणाच्या रिंगमधून फुरफुरते तसं ऑइल टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, क्रँकच्या सीलमधून वाट काढतं. गॅसही ताज्या हवेच्या नळीतून उलटा फिल्टरच्या डब्यात शिरतो आणि जाताना ऑइल घेऊन जातो. तुमच्या खुणा या दुसऱ्या प्रकाराशी जुळतात. फक्त एक लक्षात ठेवा, रिंगा खरोखर झिजल्या तरी डब्यात ऑइल येतं. म्हणून तपासणी.

इंजिन गरम करा, आयडलिंगला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पोस्टकार्डाएवढा कागद अलगद धरा. थेंब उडतात, जुना शर्ट घाला. कागद हलकासा खाली ओढला गेला तर काम ठीक. झाकणच ओढून धरल्यासारखं निघत नसेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. कागद फडफडत वर उडत असेल, धूर भकाभका येत असेल तर गॅस बाहेर पडायची वाट बंद आहे, किंवा गॅसच वाटेला झेपणार नाही इतका आहे. डिझेलवाल्यांनी हा कागदाचा निकाल स्वतःला लावू नये. तिथे हवा अडवणाऱ्या थ्रॉटलमुळे येणारी ओढ नसते, थोडी फुंकर येणारच.

मग व्हॉल्व्ह नळीसकट टॅपेट कव्हरमधून उपसा, इंजिन चालूच ठेवा आणि उघड्या टोकावर बोट ठेवा. बोट खेचलं गेलं पाहिजे, आणि बोट उचलता-ठेवताना आत प्लंजरची टकटक जाणवते. ओढच नसेल तर आधी नळी बघा. पुष्कळदा दोष नळीचाच असतो: आतून डांबरासारखा थर, किंवा रबर इतकं मऊ झालेलं की ओढीने चपटं होतं. व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवायचा आणि खळखळ वाजला की ‘चांगला आहे’ म्हणायचं, ही पद्धत सगळीकडे चालते. माझा तिच्यावर अर्धाच भरवसा. प्लंजरचा असून न वाजणारा गेलाच समजा, पण वाजणाऱ्याची स्प्रिंग थकलेली असू शकते.

आपल्याकडे हे जास्त का होतं? जुळे सोलापूरहून नवी पेठ, तिथून सात रस्ता, परत घर. इंजिन धड तापायच्या आत बंद. आतली पाण्याची वाफ उडतच नाही, ऑइलमध्ये मिसळून चिखल होतो. झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला की लोक हेड गॅस्केट जाऊन कुलंट ऑइलमध्ये मिसळलं म्हणून घाबरतात. कुलंट कमी होत नसेल तर बहुतेक वेळा ती हीच ओल असते. अधूनमधून गाडी तुळजापूरला नेऊन आणा, देवदर्शन होईल आणि ऑइलही कोरडं होईल.

बदलणं सोपं आहे. इंजिन थंड होऊ द्या. नळी सरळ ओढू नका, आधी पिळून सुटी करा. जुनं प्लॅस्टिकचं नाक चटकन मोडतं आणि मग टॅपेट कव्हरच्या किमतीपर्यंत गोष्ट जाते. व्हॉल्व्ह ज्यात बसतो ते रबरी ग्रोमेट कडक झालं असेल तर नवं घ्या, आणि त्याचे तुकडे आत पडू देऊ नका. पार्ट नंबर बघूनच व्हॉल्व्ह घ्या. दिसायला सारखा दुसऱ्या मॉडेलचा बसतो, पण स्प्रिंग वेगळी असल्यामुळे आयडलिंग बिघडतं. साध्या व्हॉल्व्हचा खर्च काहीशे रुपयांचा, त्यामुळे कार्ब क्लीनरने धुऊन वाचवण्यात फारसा अर्थ नाही. प्लंजरऐवजी रबरी पडद्याचा असेल तर क्लीनर तो खराबच करतो. नळीसाठी ऑइल सहन करणारंच रबर मागा, पाण्याचा पाइप कापून लावू नका. काही नव्या गाड्यांत व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच असतो, तिथे अख्खं कव्हर बदलावं लागतं.

आणि एक जुगाड मात्र कुणी सुचवला तरी ऐकू नका: नळी काढायची, मॅनिफोल्डच्या तोंडात बोल्ट ठोकायचा आणि नळी खाली लोंबकळत सोडायची. गळती थांबल्यासारखी वाटते खरी. पण ओढ गेल्यामुळे ओल आणि पेट्रोलची वाफ ऑइलमध्येच राहते आणि अक्कलकोट रोडची धूळ त्या नळीतून आत जायला मोकळी. शिवाय पेट्रोल गाडीतून हा गॅस बाहेर सोडायला आपल्या प्रदूषण नियमांतही परवानगी नाही.

नवा व्हॉल्व्ह बसला की फिल्टरचा डबा पुसा, तेलकट एअर फिल्टर बदला, ऑइल काळं-घट्ट असेल तर तेही. टॅपेट कव्हर बाहेरून लख्ख पुसून गाडी काही दिवस वापरा. कव्हरचं गॅस्केट उष्णतेने कडक झालं असेल तर प्रेशर उतरूनही थोडं पाझरेल, त्याचा दोष व्हॉल्व्हवर टाकू नका; ते गॅस्केट वेगळं बदलता येतं, इंजिन उतरवायची गरज नसते.

एवढं करूनही कागद उडतच असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये प्रेशर किती बनतं ते मोजणं. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा घ्यायला सांगा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, गॅरेजवाला खरं बोलत होता. नाही चढला तर हेडमधले व्हॉल्व्ह (हे पीसीव्हीपेक्षा वेगळे) किंवा हेड गॅस्केट बघायला लागेल. तेही काम खर्चाचंच, पण रिंगांचं नाही.