साताऱ्याजवळची वडिलोपार्जित शेती लग्नकार्य आणि हुरडा पार्टीसाठी चालवायची आहे. खर्च किती येईल आणि परवडेल का?

तुम्ही खर्च विचारलाय. पण प्रश्नाच्या खाली तपशिलात लिहिलंय की कोरेगाव तालुक्यात सव्वातीन एकर आहे, बुकिंग आणि जाहिरात तुम्ही पुण्यातून सांभाळाल, आणि गावाकडचं सगळं धाकटा भाऊ बघेल. मीही कोरेगाव तालुक्यातला. आमच्या घरातला गावाकडचा धाकटा भाऊ मी आहे. त्यामुळे तुमच्या भावाच्या वाट्याला काय येणार आहे ते आधी लिहितो, खर्चाचं नंतर.

आमचं रान पंढरपूर रस्त्यापासून आत आहे. रस्ता ते रान पाणंद, एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढी. वरच्या अंगाला ऊस, खालच्या अंगाला तात्यांचा ऊस आणि आलं. तात्या आमच्या भावकीतले नव्हेत, पण वडिलांच्या बरोबरीचे आणि बांधाला बांध लागलेले. मार्गशीर्षात एक लग्न धरलं होतं. मुलीकडचे साताऱ्याचे, वऱ्हाड कराडकडून येणार, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. आदल्या दिवशी मांडववाला बांबू उतरवत होता आणि त्याच वेळी तात्यांच्या फडात ऊसतोडीची टोळी उतरली.

तुम्ही याच भागातले, तोड शेतकऱ्याच्या सोयीनं येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. कारखान्याकडं लागणीची नोंद असते, त्या तारखेप्रमाणे पाळी लागते, चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा शेतावर फिरणारा माणूस, निरोप देतो आणि टोळी येते. त्या दिवशी नको म्हटलं की टोळी पुढच्या फडात. परत कधी येईल ते टोळीच्या मुकादमालाही माहीत नसतं. तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला तर वाळून वजन घटतं, ते नुकसान वेगळंच. तात्यांनी टोळी घेतली, त्यांच्या जागी मी असतो तरी घेतली असती. पण भरलेले दोन ट्रेलर लावून ट्रॅक्टर पाणंदीत उभा राहिला की वऱ्हाडाची एक गाडीसुद्धा आत येत नाही.

मी दादाला फोन केला, कारण बुकिंग त्यानं घेतलं होतं. तो म्हणाला, "मुद्दाम करतोय म्हातारा. सरळ अडवणूक आहे. तहसीलला अर्ज टाक." कायदा आहे, नाही असं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. वहिवाटीच्या वाटेत कुणी अडथळा केला तर तहसीलदार तो काढायला लावतात. पण अर्ज, नोटीस, स्थळपाहणी, पंचनामा होईपर्यंत नवरीला मूल होईल. आणि मुळात अडवणूक कुठं होती? तात्यांचा ऊस तात्यांच्या वाटेनं चालला होता. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मिळतो तोसुद्धा शेतकऱ्याला आपल्या रानात जाता यावं म्हणून. लग्नाचं वऱ्हाड त्यात बसत नाही. हे मी दादाला तेव्हाही सांगितलं आणि त्याला ते अजून पटलेलं नाही.

संध्याकाळी मी तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. चहा झाला. मी म्हटलं, "तात्या, उद्या लग्न हाय." ते म्हणाले, "ठावं हाय मला. मांडव दिसतोय की हितनं. पण तोड आलीया, मी काय करू सांग." म्हटलं, "तोड थांबवू नका. दहाच्या आत पहिली खेप बाहेर काढता येईल का? दुसरी भरून फडातच उभी ठेवा, तीन वाजता काढू. ट्रॅक्टर कमी पडला तर आमचा लावतो." त्यांनी मुकादमाला बोलावलं. तो बीडकडचा माणूस, त्यानं बोटांवर मोळ्यांचा हिशेब केला आणि म्हणाला, पहाटे चारला कोयता लावला तर जमेल. माणसं थंडीत चारला उठून फडात गेली.

सकाळी वेगळीच अडचण. पाणंदीत एका ठिकाणी पाटाचा पाझर आहे. भरलेले ट्रेलर तिथून गेले आणि चाकोऱ्या गुडघाभर खोल झाल्या, वर चिखल. मारुती गाडी त्यात उतरली तर पोटावर बसणार. मुरूम आणायला वेळ नव्हता. टोळीतल्या बायांनी न सांगता फडातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, कवळ्याकवळ्यानं आणलं, चाकोऱ्यांत आडवं अंथरलं आणि वरून आमचा रिकामा ट्रॅक्टर दोनदा फिरवला. पाचट आडवं टाकायचं, उभं टाकलं तर चाकाबरोबर गुंडाळून येतं, हे मला त्यातल्या एका बाईनं शिकवलं. अकराला नवरदेवाची गाडी त्याच पाचटावरून आत आली. मुलीच्या वडिलांना सगळी हकिकत कळली, तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन सगळ्या टोळीला जेवायला आणलं आणि पहिल्या पंगतीत बसवलं. त्या माणसाचं मला फार कौतुक वाटलं.

आता तात्यांनी माझं का ऐकलं? त्याच्या आदल्या हंगामात एका आचाऱ्यानं भांडी धुतल्याचं खरकटं पाणी बांधावरून तात्यांच्या आल्यात सोडलं होतं. आल्याला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, कंदकूज लागते आणि एका गादीवाफ्यावरून दुसऱ्यावर जाते. मी ते पाहिलं त्याच संध्याकाळी कुदळ घेऊन चर काढला आणि पाणी आमच्या हत्तीघासाकडं वळवलं. पुढं तात्यांचं आलं निघालं तेव्हा तेवढ्या वाफ्यांचा तुटवडा धरून त्यांचे पैसे त्यांच्या हातात दिले. दादा म्हणाला, "मागितले नव्हते, तर द्यायचे कशाला? हे खर्चात कुठं दाखवायचं?" मी म्हटलं, रस्त्याच्या खर्चात दाखव.

तुमचा भाऊ गावाकडचं बघेल म्हणजे हे बघेल. आचाऱ्याचं पाणी, उसाची पाळी, वाऱ्यानं उडून शेजारच्या रानात गेलेल्या पत्रावळी, रात्री हळदीत तुमच्या पाहुण्यांनी मोडलेला कुणाचा तरी ठिबकचा पाइप. पुण्यातून फोटो टाकता येतात, फोन उचलता येतात, ते कामही लागतं, मी त्याला कमी लेखत नाही. पण आमच्या घरात पहिली दोन वर्षं पैसे आले की त्याचे सरळ दोन वाटे झाले, सातबाऱ्यावर दोघांची नावं सारखी म्हणून. हे चूक आहे. जमीन दोघांची म्हणून जमिनीचं भाडं दोघांचं. राबणूक एकाची असेल तर तिचा मोबदला आधी बाजूला काढायचा. शेतात वाट्यानं करणाऱ्यालाही आपण राबणुकीचा वाटा देतो, मग सख्ख्या भावाला का नाही? दादा यावर म्हणतो की गावात राहायला खर्च नाही. गावात राहणाऱ्याला पोरांच्या फीसुद्धा गावाच्या भावानं पडत नाहीत. बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांचाही भाड्यात वाटा धरा. त्यांनी हक्कसोड करून आपला वाटा सोडला असेल तरी विचारून घ्या, लग्नाच्या मांडवात बहीण रुसून बसलेली बरी दिसत नाही.

आता तुमचं खर्चाचं. सगळ्यात मोठा खर्च मांडव नव्हे, पार्किंग आहे. एका गुंठ्यात वळण्याची जागा धरून चारच गाड्या नीट लागतात. दीडशे चारचाकी म्हणजे जवळजवळ एकर गेला. तुमच्या सव्वातीन एकरातला मुरमाड तुकडा पार्किंगला ठेवा, काळं रान ठेवू नका. वैशाखात वळीव आला की काळ्या रानातून गाडी निघत नाही, आणि वळीव मुहूर्त बघून येत नाही. शिवाय काळं रान गाड्यांनी दाबून बसलं की पुढं खरिपाला नांगर फोडताना कळतं.

वीज. विहिरीच्या शेतीपंपाच्या कनेक्शनवरून मांडवाची लाइट घेऊ नका, सगळे घेतात म्हणून तर नकोच. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली मंजूर नसलेल्या कामाला वापर धरला की आकारणी दुप्पट दरानं होते. महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या आणि जनरेटर वेगळा धरा. तसंही शेतीची लाइट ठरावीक तासच, तिच्या भरवशावर कुणाचं लग्न धरणार?

परवानगी. पक्का हॉल, ओटा, भिंत बांधणार असाल तर जमिनीच्या अकृषिक, म्हणजे शेतीबाहेरच्या, वापराचा विषय येतो, तो टाळून बांधकामाला हात लावू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे, किमान 1 एकर लागतं, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते. हुरडा, शिवारफेरी, राहणं-जेवणं यासाठी ती नोंदणी जरूर करा. पण आठशे माणसांच्या लग्नाचा परवाना म्हणून ती दाखवू नका. आणि स्पीकर रात्री 10 ला बंद म्हणजे बंद. हळदीच्या रात्री पोरं ऐकत नाहीत. विसार घेतानाच हे लिहून घ्या आणि त्या रात्री भावाला एकट्याला त्यांच्यापुढं उभं करू नका, तुम्ही या.

लॉन करू नका. दादाचा आणि माझा सगळ्यात जुना वाद हाच. त्याला सगळं रान सपाट करून हिरवळ हवी होती. हिरवळीला पाणी लागतं चैत्र-वैशाखात, विहिरी तळाला जातात चैत्र-वैशाखात, आणि लग्नं दाट असतात तीही तेव्हाच. त्यापेक्षा पीक ठेवा. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यं नाहीत, तेवढ्यात वाघ्या घेवडा किंवा सोयाबीन निघतं. पौषात आपल्याकडं लग्न लावत नाहीत, आणि हुरडा नेमका पौषात. लग्नाचा रिकामा महिना हुरडा भरून काढतो, पण त्याला सप्टेंबरपासून तयारी लागते. ज्वारी एकदम पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पट्टे पेरा, कारण एका पट्ट्याचा हुरडा आठवडाभरच कोवळा राहतो, मग दाणा टणक होतो. गूळभेंडी चांगली, राहुरी विद्यापीठाची फुले मधुर आणखी चांगली, कणसातून दाणा झटकन सुटतो. साध्या मालदांडीचा हुरडा देऊन पुण्याची माणसं पुन्हा येत नाहीत. पाखरं राखायला माणूस ठेवा, आगटीला शेणी पावसाळ्याआधीच साठवून ठेवा. हुरडा संपला की त्या रानात वैशाखातला मांडव उभा राहतो, कडबा जनावरांना होतो.

कासला येणारी माणसं मिळतील असं तुम्ही लिहिलंय, त्यावर हिशेब मांडू नका. कास साताऱ्याच्या पश्चिमेला, आपण पूर्वेला. फुलं पाहून झाली की ती मंडळी हायवेनं परत जातात. फुलांचा हंगामही ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा, तेव्हा आपल्या पाणंदीत चिखल असतो. आणि वर्षाचा आकडा मांडण्याआधी पंचांग उघडा. 2026 चंच बघा, 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. उन्हाळी मुहूर्तांचा ऐन महिना त्यात गेला. असं वर्ष आलं की कर्जाचा हप्ता कुठून भरणार ते आधी ठरवा. कर्ज काढून सुरू करू नका असंच मी सांगेन.

परवडतं का? आम्हाला परवडतं. उसापेक्षा बरं. पण आमचं रान वडिलांनी सपाट करून ठेवलेलं होतं, विहीर आहे, ट्रॅक्टर घरचा आहे आणि मी चोवीस तास इथं आहे. यातलं एक कमी असेल तर गणित बदलतं. शिवाय मी लिहिलं ते सातशे-आठशे माणसांच्या गावाकडच्या लग्नाचं. शंभर पाहुण्यांची, खोल्या मागणारी पुण्या-मुंबईची लग्नं वेगळी, त्यातलं मी केलेलं नाही. एका बाबतीत दादा बरोबर होता हेही लिहितो. बायकांसाठी पक्की, पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहं त्यानं हट्टानं बांधून घेतली, आणि आज निम्मी बुकिंग मुलीकडच्या बायका ती पाहून करतात.

जाहिरातीचं पान उघडण्याआधी गट नकाशा काढा, पाणंद नकाशावर आहे की नुसती वहिवाटीची ते बघा, आणि अरुंद जागी तिची रुंदी मोजून कळवा. पार्किंगचा आणि गाड्यांच्या वेळांचा आराखडा मी करून देतो, पैसे नकोत. पण ते मोजमाप तुमच्या भावाला पाठवायला सांगा. त्याच्या मोबदल्याचं काय ठरलं तेही मी त्यालाच विचारणार आहे.