महागाईचा दर उतरला, मग बिल का उतरत नाही?

महागाई कमी झाल्याची बातमी येते, पण किराण्याचे बिल वाढतेच. आकडे खोटे असतात का? (गृहिणी, सांगली)

आकडे खोटे नाहीत, बातमीची भाषा फसवी आहे. महागाईचा दर म्हणजे भाव वाढण्याचा वेग. शंभराचा किराणा वर्षभरात १०७ वर गेला आणि पुढच्या वर्षी हा दर ३ टक्क्यांवर आला, तरी बिल ११० च्या पुढेच जाते. शिवाय हा आकडा सरासरी कुटुंबाचा. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात (महागाईचा दर ज्यावरून काढतात, त्या भावांच्या मोजमापात) खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. ज्या घरात त्याहून जास्त कमाई पोटावर खर्च होते, तिथे डाळ-तेल कडाडले की चटका अधिक बसतो. तुमची तक्रार रास्तच आहे.

नाशिकरोडला नोटा छापून गरिबांना वाटल्या तर? (विद्यार्थी, नाशिक)

नोटा वाढतील, गहू वाढणार नाही. पोती तेवढीच आणि गिऱ्हाइकांच्या हातात पैसा जास्त, म्हणजे भाव चढणारच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने सरकारी तूट नोटा छापून भरली. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. जन्मभर साठवलेल्या पुंजीत पावही येईना.

त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. रुपयाचा परकीय चलनाशी दर टिकवण्यापेक्षा त्याची देशातली क्रयशक्ती, म्हणजे रुपयात किती माल येतो ते, टिकवा, हा त्यांचा आग्रह. मला तो आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मजुराची मजुरी याच क्रयशक्तीवर उभी असते. आता रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या मर्यादेत राखायची असते.

मुदत ठेवीवर ७ टक्के मिळतात. पुरेसे आहे ना? (निवृत्त कर्मचारी, ठाणे)

महागाई ६ टक्के आणि तुम्ही २० टक्के कराच्या टप्प्यात असाल, तर हातात ५.६ टक्केच येतात. म्हणजे मुद्दल शाबूत, पण त्यात येणारा माल कमी. वर्षा-दोन वर्षांच्या खर्चाचे पैसे ठेवीतच असू द्या, सगळी पुंजी मात्र तिथे अडकवू नका.

मग भाव सतत उतरत राहिले तर चांगलेच की! (शिक्षक, यवतमाळ)

एका हंगामात कांदा पडला, ती चलनघट नव्हे. सगळ्याच वस्तूंचे भाव आणि त्यांच्यामागून मजुरीही घसरत जाते, तेव्हा चलनघट म्हणतात, आणि ती कर्जदाराला पिळून काढते. तुमच्याच भागातले उदाहरण घेऊ. कापूस ५,००० रुपये क्विंटल असताना ५०,००० चे कर्ज म्हणजे १० क्विंटल. भाव ४,००० वर आला की तेच कर्ज साडेबारा क्विंटलचे होते. बँकेच्या वहीतला आकडा हलत नाही, शेतकऱ्याचे ओझे मात्र वाढते. व्याजाचे तर मी धरलेच नाही. कारखानदाराचेही तेच. माल स्वस्तात विकायचा आणि हप्ता जुनाच भरायचा, म्हणून तो भरती थांबवतो. उद्या आणखी स्वस्त मिळेल म्हणून गिऱ्हाईकही थांबते.

जपान नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यात रुतला. तिथल्या मध्यवर्ती बँकेने १९९९ मध्ये व्याजदर जवळजवळ शून्यावर आणला, पुढे २०१६ मध्ये शून्याखालीही नेला. तो उणे दर मार्च २०२४ मध्ये संपला. बँकेने व्याज वाढवण्याची १७ वर्षांतली ती पहिली वेळ होती.