पिक नेमका अडकतो कुठे?

प्रश्न : गिटारवर ए मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलमधला एक लिक, म्हणजे छोटा सुरांचा तुकडा, बसवतोय. पहिल्या (जमिनीकडच्या, सगळ्यात पातळ) तारेवर आठवा फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरचं आठवं घर, मग पाचवा, मग दुसऱ्या तारेवर आठवा. हेच तीन सूर ट्रिपलेटमध्ये, म्हणजे एका ठोक्यात तीन, फिरत राहतात. मेट्रोनोम मिनिटाला १०० ठोक्यांवर असताना छान वाजतो, १४० ला पिक (तार छेडायची चकती) अडकतो. पिकिंग काटेकोर अल्टरनेट आहे, एक स्ट्रोक खाली, एक वर. अजून हळू सराव करू का?

उत्तर : नको. हळू लयीत कुठलाही पॅटर्न चालून जातो. आधी एकाच तारेवर एकच सूर १४० च्या ट्रिपलेटमध्ये वाजवून बघा, म्हणजे सेकंदाला सात स्ट्रोक. ते जमत असेल तर हाताला वेग आहे. घोडं पेंड खातंय ते तार बदलताना.

तुमचे स्ट्रोक कागदावर मांडा. सूर तीन आणि स्ट्रोक आलटून पालटून, त्यामुळे पहिली फेरी खाली-वर-खाली आणि दुसरी वर-खाली-वर. लिक एक, पण हाताला दोन वेगळे लिक वाजवावे लागतात! त्यात पहिल्या फेरीचा शेवटचा डाउनस्ट्रोक पिकला दोन तारांच्या मध्ये आणून सोडतो. पुढचा अपस्ट्रोक मारायला त्याला पहिली तार ओलांडून पलीकडे जावं लागतं. अडकतो तो इथे.

मी असतो तर प्रत्येक फेरी खाली-वर-खालीच ठेवली असती. दुसऱ्या तारेवरचा डाउनस्ट्रोक मारून पिक उचलायचा नाही, तसाच पहिल्या तारेवर टेकू द्यायचा आणि तिथूनच पुढची फेरी. हेच इकॉनॉमी पिकिंग. पिकची धरलेली बाजू किंचित जमिनीकडे झुकवा, म्हणजे पाचव्या फ्रेटचा अपस्ट्रोक आपोआप तारांबाहेर निघतो आणि दुसऱ्या तारेवर जायला वाट मोकळी होते.

यात एक खोड आहे. लागोपाठचे दोन डाउनस्ट्रोक घाईत एकावर एक चढतात, आणि ठोका नेमका त्यातल्या दुसऱ्यावर असल्याने ते लगेच उघडं पडतं. म्हणून पिक पहिल्या तारेवर टेकला की ठोक्याची वाट बघायची. डाव्या हातातही सूर असेच एकमेकांवर चढतात. आठव्या फ्रेटवर दोन्ही तारांना एकच बोट लागतं. ते आडवं दाबून ठेवलंत तर डिस्टॉर्शनवर (आवाज फाटका करणाऱ्या इफेक्टवर) दोन्ही सूर एकदम कोकलतात. बोटाचं टोक दुसऱ्या तारेवर ठेवा आणि पेर लवून भार पहिलीवर घ्या.

हे रुचलं नाही तर पाचवा फ्रेट पुल-ऑफने, म्हणजे पिक न मारता डाव्या हाताचं बोट तारेवरून ओढून सोडत, काढा. मग प्रत्येक फेरीत एक खाली, एक वर, आणि उडी मारायला पुरेसा वेळ. ‘सगळे सूर पिकनेच’ हा हट्ट अल डि मिओलासारख्या गिटारवादकाला शोभतो. पण दुसरा गिटारवादक यंग्वी माल्मस्टीन सूर चढताना इकॉनॉमी करतो, उतरताना पुल-ऑफ घेतो, आणि त्याला कोणी हळू म्हणत नाही.

सरावाला १४० च ठेवा, पण फक्त चार सूर : एक फेरी आणि पुन्हा पहिल्या तारेचा आठवा फ्रेट. तो ठोक्यावर पडला की दोन फेऱ्या, मग चार. तीन सुरांवर मात्र थांबू नका, कारण अवघड जागा त्यानंतरच येते.