कॅनीची लढाई टेबलावर मांडायची असेल तर
छोट्या सैनिक-बाहुल्यांनी टेबलावर लढाई खेळायची, त्यात तुझी ही पहिलीच, आणि थेट कॅनी, म्हणजे कार्थेजच्या हॅनिबालने रोमला हरवलं ती? हरकत नाही, पण आधी हिशोब कर. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांनुसार रोमचं पायदळ ८०,०००, हॅनिबालचं ४०,०००. तेव्हा २८ मिलीमीटर उंचीच्या फिगर्सच्या (बाहुल्यांच्या) नादी लागू नकोस. ६ मिलीमीटरच्या घे आणि एक बेस (फिगर्स चिकटवायची पट्टी) म्हणजे दोन हजार माणसं धर.

खरी डोकेदुखी रोमन खेळाडूची असते. इ.स.पू. २१६ मध्ये रोमन मध्यभागी घुसले आणि वेढले गेले, हे त्याला पाठ असतं, त्यामुळे तो मध्यभागी घुसतच नाही, लांबून मजा बघतो. म्हणून मांडणी त्याच्यावर सोडू नकोस. एका बाजूला ऑफिडस नदी, पायदळ दाटीवाटीने, वळायला जागा नाही. वर नियम घाल: ठरावीक फेऱ्यांत हॅनिबालच्या गॉल आणि स्पॅनिश सैनिकांची मधली फळी फोडली नाही तर रोम हरला. हॅनिबालवाल्यालाही फुकट काही देऊ नकोस. त्याची फळी मागे सरकावी, पण फुटू नये. हॅनिबालचा सरदार हसद्रुबाल याचं घोडदळ नदीकाठचे रोमन स्वार उडवून पिछाडीला येईपर्यंत तिने तग धरायचा. सगळी गंमत याच ताणात आहे.

रंगकामात एकच जपायचं. हॅनिबालच्या आफ्रिकी पायदळाच्या अंगावर लुटलेली रोमन शस्त्रं-चिलखतं होती. तसंच रंगवलंस तर ऐन खेळात कोण कुणाचं यावरून भांडणं ठरलेली, तेव्हा बेसच्या मागच्या कडेला वेगळा रंग दे. स्पॅनिशांच्या पांढऱ्या अंगरख्यांना जांभळी किनार होती म्हणे. या आकारात ती कुणाला दिसत नाही, सोडून दे.