तळ्याकाठी गळ टाकून बसलेली मुलं जलरंगात काढतोय. पाणी शांत दिसत नाही, आणि गळाची दोरी ब्लेडने खरवडून काढली तर चालते का?

पाणी शांत दिसत नाही कारण बहुतेक तुम्ही त्यावर तीन-तीन वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सपाट थर, देताय. एकच द्या, ओला असतानाच प्रतिबिंबं उभ्या फटकाऱ्यांनी सोडा आणि ब्रश खाली ठेवा. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा जरा फिकं, पांढऱ्या सदऱ्याचं जरा गडद. बास.

आता दोरी. इथे तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

माझंही असंच चित्र होतं. एक पोरगा पालथा पडून पाण्यात बोटं बुडवतोय, दुसरा गळ धरून पेंगलाय. सगळं जमलं, दोरी जमेना. आधी दुसऱ्या कागदावर पांढऱ्या रंगाने काढून पाहिली, तर खडूची रेघ. मास्किंग फ्लुइडने (कागद पांढरा राखायला आधी लावायचा आणि नंतर सोलून काढायचा द्रव) काढली, तर ताणलेली तार. शेवटी मूळ चित्र खडखडीत वाळल्यावर ब्लेडचं टोक एकदाच, श्वास रोखून ओढलं. कागद खरबरीत, त्यामुळे रेघ मधेमधे तुटली, आणि तुटली म्हणूनच ती दोरी वाटली!

एका प्रदर्शनाच्या निवडीत परीक्षकांनी कागद उजेडाकडे तिरका धरला, रेघेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "खरवडलंय. जलरंगात ही लबाडी." चित्र बाद.

लबाडी? अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरने 1873 च्या उन्हाळ्यात तिकडच्या ग्लॉस्टर बंदरातली मुलं जलरंगात काढली, 1878 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॉटन फार्मवर शेतावरची पोरं रंगवली. पुढे त्याने गळाने मासे धरणारी माणसं काढली, त्यांत हवेत भिरकावलेली दोरी त्याने रंग खरवडूनच काढलीय. इंग्रज चित्रकार टर्नरही खरवडायचा. त्यांनाही करा बाद! कागदाचा पांढरा हाच जलरंगाचा पांढरा, असं शिकवायचं, आणि तोच कागद ब्लेडने उघडा केला की नाक मुरडायचं. तेव्हा खुशाल खरवडा.

फक्त 300 ग्रॅमपेक्षा (दर चौरस मीटरचं वजन) पातळ कागदावर नको, फाटेल. आणि हे काम अगदी शेवटी करा. खरवडलेल्या जागी परत ब्रश लावलात तर सुटलेले तंतू रंग पितात आणि तिथे काळपट डाग पडतो.

हो, आणि स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा, काही ठिकाणी पांढरा रंगसुद्धा चालत नाही. मी वाचले नव्हते. नंतर वाचले, त्यात ब्लेडबद्दल अवाक्षर नव्हतं.