बर्लिनला निघालास ना? मग हे आधी कर

भावा, कोल्हापुरातनं थेट बर्लिन म्हटल्यावर धाकधूक होणारच. पण पहिल्या महिन्यात मोजक्याच गोष्टी नीट झाल्या की पुढचं जमतं.

सगळ्यात आधी पत्ता. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तो देणार नाही म्हणणारं घर स्वस्त असलं तरी घेऊ नकोस. घर न बघता डिपॉझिट तर पाठवूच नकोस. नवी पोरं इथंच फसतात. आणि टपालपेटीवर तुझं नाव लाव, अगदी पहिल्याच दिवशी! तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. कर क्रमांकसुद्धा टपालानंच येतो.

बाकीचं थोडक्यात:

- मेट्रोला गेट नसतं, म्हणून तिकीट टाळू नकोस. कागदी तिकिटावर शिक्काही मारावा लागतो. पकडलं तर दंड ६० युरो.
- रविवारी दुकानं बंद. किराणा शनिवारीच भर.
- आईनं कितीही आग्रह केला तरी तूप-पेढे नेऊ नकोस, दुधाच्या पदार्थांना तिथं बंदी आहे. कांदा-लसूण चटणी मात्र भरपूर ने. कोथिंबीर बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातल्या तुर्की दुकानांत मिळते.

जर्मनचा क्लास आत्ताच लाव, तिथं गेल्यावर बघू म्हणू नकोस. बँक, विमा, कर याचं पहिली नोंदणी झाल्यावर विचार, सविस्तर सांगतो.