पट्टी खाली घेण्याविषयी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. एकोणिसाव्या वर्षी गायलेले तुझे अहिराणी गाणे आजही धुळ्यापासून अमळनेरपर्यंत प्रत्येक हळदीत मागितले जाते, गळ्याच्या दुखण्यानंतर त्यातला वरचा षड्ज तुला लागत नाही, म्हणून जुने ध्वनिमुद्रण लावून नुसते ओठ हलवावेत असे आयोजक सुचवतात, आणि तू त्यावर विचार करते आहेस. तू विचार करते आहेस, याचेच मला दुःख झाले. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, खाली घे आणि स्वतः गा.

मी जवळजवळ चाळीस वर्षे ऑर्केस्ट्रात गायले, आणि त्यांतली अखेरची सहा वर्षे खोटी गायले. माझी पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. उतारवयात स्त्रीच्या स्वरतंतूंना जाडी येते, आवाज खाली सरकतो आणि वरचे स्वर निसटू लागतात, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले होते. तरीही पांढरी पाचवर, म्हणजे अवघे तीन अर्धस्वर खाली, गाण्याची मला लाज वाटली. कॅसेटमधला माझाच तिशीतला आवाज लावून मी यात्रांतून उभी राहिले. कोणालाही कळले नाही. एकदा कार्यक्रमानंतर एका म्हातारीने मला जवळ घेतले आणि आवाज अगदी तसाच राहिला आहे, असे ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली. तिने जवळ घेतलेली बाई त्या रात्री गायलीच नव्हती.

पाच वादकांचे संसार माझ्या तारखांवर चालत होते, आणि तारखा गेल्या असत्या तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न मी आजही खोटा मानत नाही. परंतु तेच पाचजण मला दोन वर्षे पट्टी खाली घेण्याविषयी विनवत होते, हेही तुला सांगितले पाहिजे. मी ऐकले नाही.

आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई या खानदेशातल्या देवीच्या जागरणाला बायका रात्रभर गातात. तेथे सर्वांत वयस्कर बाई ज्या सुरात उचलेल त्याच सुरात सुना आणि नाती गातात, आणि गाणे खाली आले म्हणून कोणी उठून गेल्याचे मी कधी पाहिले नाही. ज्या गाण्यांवर आपण दोघी वाढलो ती अशीच टिकली, मग मंचावर चढल्यावर आपल्याला ही लाज कुठून येते?

माझ्या भाच्याने मला जोनी मिशेल या कॅनडाच्या गायिकेचे एकच गाणे दोनदा ऐकवले. १९६९ सालच्या ध्वनिमुद्रणात ती पंचविशीतली आहे आणि आवाज पाखरासारखा उंच जातो. २००० सालच्या ध्वनिमुद्रणात मागे मोठा वाद्यवृंद आहे आणि तिचा आवाज खूप खाली, जड व धुरकट झालेला आहे. गाण्यात आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहिल्याचे बोल आहेत. ते मला दुसऱ्या खेपेलाच पटले. ऐकताना मी स्वतःवर इतकी चिडले की भाच्याला यंत्र बंद करायला लावले. ती सहा वर्षे मलाही असेच गाता आले असते.

तेव्हा पट्टी खाली घे. की-बोर्डवर ट्रान्सपोजचे बटण दाबले की काम होते. ढोलकी मात्र त्या पट्टीला निराळी लागते, म्हणून वादकाला चार दिवस आधी सांग. लय घाईने कमी करू नकोस. वरचा स्वर जिथे येतो ती ओळ बदलून खाली वळवण्यापेक्षा संपूर्ण गाणेच खाली आण, नाहीतर ऐकणाऱ्याला तुझी भीती ऐकू येईल. आणि आयोजकाने बिदागी कापण्याची भाषा केली तर कापू दे. मी कापू दिली नाही, त्याची किंमत तुला वर सांगितली आहे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येशील तेव्हा एक दुपार माझ्याकडे ये. पेटी काढून तुझी आजची पट्टी शोधू. ती काळी चार निघो की पांढरी चार, गाणे त्याच पट्टीत बसवू.

तुझी मावशी